जिनोआ: बँकवाल्या मावशीबरोबर

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं जिनोआ हे बहुतेक पर्यटकांसाठी गाडी बदलायचं स्टेशन असतं. मिलानहून यायचं, फलाट बदलायचा आणि पोर्टोफिनो किंवा चिंक्वे तेर्रेकडे निघून जायचं. आम्ही तिथंच मुक्काम ठोकला, त्याला कारण माझी मावशी. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, आणि पक्की शाकाहारी (अंडं चालतं, पण दिसायला नको). ऑक्टोबरात ती माझ्याकडे म्युनिकला आली होती. रोम-व्हेनिस मागच्या खेपेला उरकलं होतं. यंदा तिला १४०७ साली स्थापन झालेली एक बँक बघायची होती.

गुरुवार: आलो, चाललो, खाल्लं

पो नदीच्या मैदानात धुकं होतं. मग डोंगर लागले, बोगदे सुरू झाले, आणि शेवटच्या बोगद्यातून गाडी निघाली ती थेट लख्ख उन्हात. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर कोंबलेलं आहे, त्यामुळे ते आडवं कमी आणि उभं जास्त वाढलंय. पियात्सा प्रिंचिपे स्टेशनाबाहेर कोलंबसचा पुतळा आहे. "हा इथलाच ना गं?" असं विचारून मावशी उत्तराची वाट न बघता बॅग ओढायला लागली.

जुन्या गावातल्या गल्ल्यांना इथं कारुज्जी म्हणतात. काही गल्ल्यांत दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर सहा-सात मजली घरं. ऊन खाली पोचतच नाही. वास मात्र सगळे पोचतात: आधी ताज्या पावाचा, चार पावलांवर कॉफीचा, पुढच्या वळणावर मुतारीचा. कोपऱ्याकोपऱ्यावर कोनाड्यात मारियेची मूर्ती, तिच्या खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. व्हेनिससारखं हे शहर तुमच्यासाठी नटून बसलेलं नाही, आणि मला ते फार आवडलं. व्हिया प्रे आणि स्टेशनालगतच्या गल्ल्या दिवसा मजेच्या आहेत, पण रात्री उशिरा तिथून एकट्यानं जाऊ नका. चाकांची मोठी बॅगही आणू नका, फरशीवर तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

बंदराशी पालात्सो सान जॉर्जो आहे. १२६० मधली इमारत, समुद्राकडची भिंत चित्रांनी भरलेली, मधोमध संत जॉर्ज राक्षसाला मारतोय. समुद्राकडची बाजू बघायला मागे सरकावं तर डोक्यावर १९६० च्या दशकात बांधलेला उड्डाणपूल. शहराच्या सगळ्यात सुंदर भिंतीसमोरून ट्रक-मोटारी धावतात. ज्यानं हे मंजूर केलं त्याला गावकरी अजून नावं ठेवतात असं आमच्या घरमालकिणीनं सांगितलं.

मार्को पोलो इथंच कैदेत होता आणि त्यानं आपल्या प्रवासाच्या हकिगती सोबतच्या कैद्याला इथंच सांगितल्या, असं परंपरेनं मानतात. मावशीला त्यात रस नव्हता. तिला रस होता १४०७ मध्ये सुरू झालेल्या सान जॉर्जोच्या बँकेत. जिनोआचं प्रजासत्ताक कर्जात बुडालेलं, सावकारांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि कर्जाच्या बदल्यात सरकारचे कर वसूल करायला घेतले. पुढे १४५३ मध्ये तर कॉर्सिका बेटाचा कारभारच बँकेकडे आला.

"आम्ही ट्रॅक्टर ओढून आणायचो," मावशी म्हणाली, "यांनी बेट आणलं."

आत हल्ली बंदराचं कार्यालय आहे आणि सगळ्या दिवशी आत सोडत नाहीत. आम्हाला दारावरच्या माणसानं हसून मान हलवली. आतल्या दालनांत दानशूर मंडळींचे पुतळे आहेत, आणि कुणी किती दिलं त्यावर तो माणूस बसलेला दाखवायचा की उभा, हे ठरत असे. हे ऐकून मावशी दारातच थांबली. "म्हणजे पासबुकच की गं, दगडातलं!" दारावरच्या माणसाला मराठी कळलं नाही, पण तोही हसला.

रात्री व्हिया देई जुस्तिनियानी या गल्लीतल्या 'सा पेस्ता'मध्ये फरिनाता खाल्लं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल. पीठ काही तास भिजत ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, मग भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवायचं. वरून खरपूस, कडेला कुरकुरीत, आत मऊ. परात बाहेर येते तेव्हा तेल अजून बुडबुडत असतं. माणूस ती सुरीनं भराभर वेडीवाकडी कापतो आणि तुकडे ताटलीत ढकलतो. वर मिरपूड, बाकी काही नाही. मावशीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग चौकशी: हिंग कसा नाही घालत हे लोक?

शाकाहारींनी इथं घाबरायचं कारण नाही. फक्त 'मांस नको' एवढंच सांगितलं तर अँचोव्ही मासा ताटात येऊ शकतो, म्हणून 'नीएन्ते कार्ने, नीएन्ते पेश्शे' असं दोन्ही सांगा. आणि पार्मेजान चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो' म्हणावं.

शुक्रवार: पाऊस

सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये जिनोआची न्याहारी: फोकाचा, आणि तोही कापुचिनोत बुडवून. खारट, तेलकट पाव दुधाच्या कॉफीत! मावशीनं माझ्याकडे बघितलं, मी काउंटरवरच्या बाईकडे. त्या बाईनं स्वतःच एक तुकडा उचलला, उलटा केला आणि तोंडात टाकला. म्हणजे मिठाची बाजू जिभेवर आली पाहिजे. हा फोकाचा भट्टीत घालायच्या आधी बोटांनी खळगे पाडतात आणि त्यांत तेल आणि मिठाचं पाणी ओततात, म्हणून तो खळग्यांत ओलसर आणि उंचवट्यांवर कडक लागतो. कॉफीत बुडवल्यावर चव अजिबात वाईट लागत नाही. मी रोज खाल्लं. मावशीनं कॉफी आणि फोकाचा दोन्ही घेतले, पण त्यांची गाठ पडू दिली नाही.

सान लोरेन्झोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कॅथेड्रलमध्ये उजव्या बाजूला भिंतीशी तोफेचा एक अजस्र गोळा उभा करून ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमारानं शहरावर मारा केला तेव्हा हा छत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. तिथं आम्ही असतानाच पाऊस सुरू झाला. जिनोआतला ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे साधी भुरभुर नव्हे. गल्ल्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दुकानदारांनी निमूटपणे दारात फळ्या लावल्या. या दिवसांत जाणार असाल तर हवामान खात्याच्या पिवळ्या, केशरी, लाल इशाऱ्यांकडे लक्ष ठेवा. लाल असेल तर बागा आणि बरीच ठिकाणं बंद करतात.

भिजत भिजत व्हिया गारिबाल्दी गाठला. सोळाव्या शतकात इथल्या सावकार घराण्यांनी हा सरळ रस्ता आखून दोन्ही बाजूंना महाल उठवले. रस्ता इतका अरुंद की महाल बघायला मान मोडावी लागते. या महालांची गंमत वेगळीच आहे. प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता. मग परदेशचे राजे, राजदूत आले की उतरवायचे कुठे? १५७६ मध्ये खासगी महालांच्या याद्या केल्या, त्यांना रोल्ली म्हणतात. पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे महालांचे वर्ग ठरलेले, आणि त्या वर्गातून चिठ्ठी काढायची. नाव निघालं की पाहुणचाराचा खर्च तुमचा. यांतले ४२ महाल २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

"आणि चिठ्ठी निघाल्यावर घरातल्या बाईला कोणी विचारलं असेल?" मावशी म्हणाली. याचं उत्तर फलकांवर नव्हतं.

पालात्सो रोस्सो, पालात्सो बियांको आणि तुर्सी या तिन्हींचं तिकीट एकच आहे, पण सगळं बघायचा हट्ट धरू नका. रोस्सोची छतं आणि तुर्सीमधलं, नामांकित वादक पॅगानिनीचं व्हायोलिन बघितलं तरी पुष्कळ. ग्वार्नेरी या कारागिरानं १७४३ मध्ये घडवलेलं हे व्हायोलिन पॅगानिनीनं आपल्या जन्मगावाला देऊन टाकलं. व्हायोलिनच्या मोठ्या आवाजामुळे तो त्याला तोफ म्हणायचा. काचेआड ते लहानसंच दिसतं.

जेवायची वेळ टळायला आली होती. इथली स्वयंपाकघरं अडीचच्या सुमाराला बंद होतात ती थेट साडेसातला उघडतात. पळत सोत्तोरिपा गाठलं. बंदरासमोरच्या या कमानींच्या ओवऱ्या मध्ययुगापासूनच्या. त्यांच्याखाली तळणाची दुकानं, कढया अगदी रस्त्याला लागून. मी कागदाच्या पुडक्यात तळलेले अँचोव्ही आणि कालामारी घेतले, लिंबू पिळून, काट्यासकट. मावशीसाठी काय आहे असं विचारल्यावर कढईवरच्या माणसानं पिवळ्या चौकोनी कापांकडे बोट दाखवलं: पनिस्सा. डाळीचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून, थापून गार करायचं आणि वड्या कापून तळायच्या.

"अगं, ही पाटवडी!" मावशी इतक्या जोरात म्हणाली की शेजारचा गोदी कामगार वळून बघायला लागला. फोडणी नाही, खोबरं-कोथिंबीर नाही, पण पाटवडीच. मग तिनं पर्समधून चटणीची डबी काढली. कढईवरच्या माणसानं ते बघितलं, हात पुढे केला, चिमूटभर तोंडात टाकली, आणि त्याचे डोळे भरून आले. तरी त्यानं दुसरी चिमूट मागितली. आमच्याकडून पैसे घेताना एक पनिस्सा त्यानं धरलाच नाही.

संध्याकाळी उघडीप झाली. पियात्सा पोर्तेल्लोहून एक बोगदा आत जातो आणि त्याच्या टोकाला लिफ्ट आहे. लाकडी बाक असलेली ही लिफ्ट तुम्हाला कास्तेल्लेत्तोच्या सज्जावर सोडते. गुडघेवाल्यांसाठी जिनोआइतकं दयाळू उभं शहर दुसरं नसेल: बस, मेट्रो, लिफ्ट आणि डोंगर चढणारी फ्युनिक्युलर, सगळ्याला शहर वाहतुकीचं तिकीट चालतं. वरून ओल्या पाटीच्या दगडांची करडी छपरं, घंटाघरं, क्रेन, सार्डिनियाला निघालेली फेरीबोट आणि पलीकडे १५४३ पासून उभा असलेला ७७ मीटर उंच दीपस्तंभ. बाकावर शाळकरी मुलं पिझ्झा खात बसली होती, आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

शनिवार: सुकामेवा विकणारीचा पुतळा

स्मशानभूमी बघायला जायचं म्हटल्यावर मावशी आधी गप्प झाली. मग म्हणाली, "सकाळी जाऊ, आणि आल्यावर अंघोळ."

स्तालिएनो हे १८५१ मध्ये खुलं झालेलं कब्रस्तान, ३४ नंबरच्या बसनं गेलो. बसमध्ये शेवंतीची फुलं घेतलेल्या एक आजीबाई होत्या आणि त्यांना सांभाळणारी इक्वेडोरची बाई. जिनोआत इक्वेडोरहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, म्हाताऱ्यांची देखभाल बऱ्याच घरांत त्याच बायका करतात. माझं इटालियन मोडकं, त्या बाईचं बरं, आजीबाईंचं बरंचसं जिनोवी बोलीतलं. एवढ्यातून कळलं ते असं की आम्हाला जे बघायचंय ते आजीबाई दाखवणार.

आत ओवऱ्याच ओवऱ्या, आणि त्यांत एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांचे संगमरवरी पुतळे. देवदूत, रडणाऱ्या विधवा, मरणशय्येवरचा बाप आणि भोवती बूट-कोटासकट उभं कुटुंब. घड्यांमध्ये बसलेली काळी धूळ कुणी पुसत नाही, त्यामुळे पांढऱ्या दगडाला सावल्या आल्यात. आजीबाई यांच्याकडे न बघता काठी टेकत पुढे जात राहिल्या आणि एका पुतळ्यापाशी थांबल्या.

कातेरिना काम्पोदोनिको. जत्रांमधून सुकामेवा आणि गोल कडकडीत पाव विकणारी बाई. आयुष्यभर पैसा साठवला आणि जिवंतपणीच, १८८१ मध्ये, श्रीमंतांच्या ओवरीत स्वतःचा पुतळा लॉरेन्झो ओरेंगो या नावाजलेल्या शिल्पकाराकडून करून घेतला. पुढच्याच वर्षी गेली. पुतळा पुरा माणसाएवढा आहे. ठेवणीतले कपडे, खांद्यावर झालरीची शाल, आणि त्या झालरीचा धागा न् धागा दगडात सुटा केलेला. बाहीच्या लेसची छिद्रंसुद्धा कोरलेली. चेहरा मात्र सुंदर करायचा प्रयत्न नाही: रुंद, थकलेला, थोडा रागीट. हातांत हेझलनटच्या माळा आणि ते गोल पाव. हात जाडजूड, काम केलेले. खाली जिनोवी बोलीतली कविता आहे, ती आजीबाईंनी मोठ्यानं वाचली. इक्वेडोरच्या बाईनं मला इटालियनमध्ये सांगितलं, मी मावशीला मराठीत: ऊन असो, वारा असो, पाऊस कोसळो, मी माझा माल विकला, म्हातारपणची भाकरी सुटावी म्हणून, आणि उरलेल्यातून हे केलं.

मावशी बराच वेळ त्या हातांकडे बघत होती. "आमच्या शाखेत एक भाजीवाली यायची," ती म्हणाली. "रोज नाणी आणायची, मोजायला कंटाळा यायचा सगळ्यांना. मी मोजायचे." मग जरा थांबून, "हिनं आरडीच काढली असणार."

आजीबाईंनी फुलांतलं एक फूल तिथं ठेवलं आणि बाकीची घेऊन आपल्या माणसांकडे गेल्या.

वर झाडीत इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या मॅझिनीची समाधी आहे. चढ आणि पायऱ्या बऱ्याच, मी मावशीला म्हटलं राहू दे. तिनं ऐकलं नाही. हा मॅझिनी जन्मानं जिनोआचा, १८०५ चा. सावरकरांनी लंडनमध्ये त्याच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं, ते १९०७ मध्ये छापून आलं आणि इंग्रज सरकारनं जप्त केलं. त्याची नंतरची आवृत्ती माझ्या आजोबांच्या, म्हणजे मावशीच्या वडिलांच्या कपाटात होती, आणि प्रस्तावना त्यांना पाठ होती. जाड, बुटक्या खांबांची समाधी, वर फक्त नाव. मावशीनं चपला काढल्या, नमस्कार केला आणि फोटो काढायला लावला: "दादाला पाठव, आत्ताच्या आत्ता."

स्तालिएनोला निदान तीन तास ठेवा, पाणी बरोबर न्या, आणि जायच्या आधी वेळा तपासा. दुपारनंतर लवकर बंद होतं.

रात्री पेस्तो, म्हणजे बेसिल, पाइन नट, लसूण, चीज आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेली चटणी. जिनोआत तो त्रेनेत्ते किंवा त्रोफिए या पास्त्यावर येतो, आणि त्याच पाण्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी त्यात असतेच. पेस्तो कधीही गरम करत नाहीत, पास्त्याच्या पाण्यानं सैल करतात. बेसिल लहान, कोवळ्या पानांचा हवा, शहराच्या पश्चिमेच्या प्रा भागातला सगळ्यात नावाजलेला. जेवण संपल्यावर स्वयंपाकीण बाहेर आली, तेव्हा मावशीनं माझ्याकरवी विचारलं, पाइन नट फार महाग, शेंगदाणे घातले तर? बाईंनी एप्रन सावरला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "घाला. पण त्याला पेस्तो म्हणू नका." बाटलीतला घेणार असाल तर लेबल वाचा, स्वस्त बाटल्यांत काजू असतो. बिलात माणशी 'कोपेर्तो' (टेबलाचा आकार) लागतो, ती फसवणूक नव्हे.

रविवार: रेक्को आणि कामोल्यी

रविवारी जुन्या गावात शुकशुकाट असतो, म्हणून लोकल गाडीनं पूर्वेकडे. रेक्कोला चीजचा फोकाचा खायला उतरलो. कालच्या-परवाच्या फोकाचाशी याचं फक्त नावाचं नातं. कागदाएवढ्या पातळ दोन पाऱ्या, मध्ये मऊ आंबटसर चीज, यीस्ट नाहीच. भट्टीतून आल्यावर दोन मिनिटांत खाल्लं पाहिजे, गार झाल्यावर त्यात राम नाही.

कामोल्यीहून बोटीनं सान फ्रुत्तुओसोच्या मठाला जायचा बेत होता. समुद्र खवळलेला, बोटी रद्द. खिडकीतल्या मुलानं न विचारताच मान हलवली. बरंच झालं. दिवसभर धक्क्यावर बसून रंगवलेली घरं बघितली. इथल्या भिंतींवर खिडक्या, झडपा, नक्षी सगळं रंगानं काढलेलं असतं. खऱ्या खिडकीला खर्च, चित्राला कमी. मावशीनं खऱ्या-खोट्या खिडक्या ओळखायचा खेळ काढला आणि दर वेळी जिंकली. युक्ती नंतर सांगितली: वाळत घातलेले कपडे बघायचे.

तिथली प्रसिद्ध मिठाई म्हणजे कामोल्येझी, आत रमचं क्रीम. एक संपल्यावर मी तिला रमचं सांगितलं. "मग दुसरी खाऊन खात्री करू," म्हणाली.

सोमवार: बाजार

निघायच्या आधी व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रेवरचा मेर्कातो ओरिएन्ताले. बेसिल मुळांसकट उपटून, कागदात गुंडाळून जुड्या विकतात. मुळं असली तर जुडी टिकते, हे मंडईत भाजी घेणाऱ्याला सांगायला नको. वाळवलेले मशरूम, ऑलिव्ह, चेस्टनटचं पीठ, आणि एका गोणीत डाळीचं पीठ. मावशीनं बोटांत चोळून बघितलं, भाव विचारला, मनात गुणाकार केला आणि गोणीपासून मागे सरली. बेसिलच्या दोन जुड्या मात्र घेतल्या. मिलानच्या गाडीत अख्ख्या डब्यात त्याचा वास, आणि समोरच्या बाईनं तर रेसिपी सांगायलाच घेतली. तिच्या घरी लसूण घालत नाहीत म्हणे. मावशीला इटालियन येत नाही, पण दोघींचा वाद तोर्तोनापर्यंत चालला.